घर कोठे करावे? वऱ्हाडातील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

नवरा अकोल्यास नोकरीला आणि बायको अमरावतीस शिक्षिका. अशा जोडप्याने घर कोठे करावे, हा प्रश्न वऱ्हाडातील कुटुंबांत आता नेहमीचा झाला आहे. तो केवळ भाड्याचा आणि गाडीच्या वेळेचा आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. म्हणून कोणी नकाशावर बोट ठेवून मधले मूर्तिजापूर दाखवतो, कोणी अकोल्याजवळचे बार्शीटाकळीसारखे स्वस्त गाव सुचवतो, तर कोणी ज्याचा पगार मोठा त्याच्या गावाच्या बाजूने कौल देतो. सकाळी निघून रात्री परतण्याच्या या क्रमाला आपल्याकडे 'अपडाऊन' असे नाव पडले आहे. शब्द इंग्रजी असला तरी तो आता पुरता वऱ्हाडी झाला आहे.

परंतु हा प्रश्न आजचा नाही. राज्यकर्त्यांनी, रेल्वेने, व्यापाऱ्यांनी आणि ख्रिस्तसभेनेही तो आपापल्या परीने सोडवला आहे. त्यांनी तो कसा सोडवला, हे पाहिल्यास आजच्या कुटुंबास काही उपयोग होईल, या आशेने आम्ही हा विषय हाती घेत आहोत.

जेथे काम तेथेच मुक्काम

आरंभ बार्शीटाकळीपासूनच करू. अकोल्याच्या आग्नेयेस सुमारे अठरा किलोमीटरवर वसलेले हे तालुक्याचे गाव. तेथील कालंका देवीचे दगडी मंदिर 'हेमाडपंती' म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ चा आहे. ज्या हेमाडपंताचे नाव या शिल्पशैलीस मिळाले, तो यादवांचा मंत्री त्यानंतर सुमारे एका शतकाने होऊन गेला. अर्थात हे मंदिर, आणि त्याला पोसणारी वस्ती, हेमाडपंताहूनही जुनी आहे.

त्या काळी बार्शीटाकळीच्या माणसाला राहण्याचे ठिकाण निवडावे लागत नव्हते. पाथरवट मंदिराच्या पायथ्याशी राहत असे, शेतकरी शिवाराच्या कडेला आणि विणकर आपल्या मागाशेजारी. काम आणि मुक्काम यांत फार तर हाकेचे अंतर असे. ते जीवन सुखाचेच होते, असे आम्ही म्हणत नाही. दुष्काळ, लूटमार आणि रोगराई यांनी गावेच्या गावे ओस पडत. निवड नव्हती, म्हणून निवडीची चिंताही नव्हती, एवढेच.

पुढे निवड आली ती प्रथम भीतीपोटी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा अमरावतीच्या व्यापारी वस्तीच्या रक्षणासाठी निजामाच्या अमदानीत दगडी परकोट उभा राहिला. त्याच्या वेशी आजही जवाहर गेट, अंबा गेट अशा नावांनी ओळखल्या जातात. धनाढ्य माणूस तेव्हा अंतर मोजत नव्हता. रात्री वेस बंद होते किंवा नाही, हे तो पाहत होता.

साहेबाची सोय आणि रेल्वेची रेघ

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला. पुढे त्याचे दोन भाग करण्यात आले. पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावतीस आणि पश्चिम वऱ्हाडचे अकोल्यास आले. दोन शेजारी शहरांच्या मध्ये विभागलेला वऱ्हाडी माणूस येथे जन्मास आला. ज्याचा दावा एकीकडे आणि सोयरीक दुसरीकडे, अशा माणसाला दोन्ही शहरांची वाट धरणे भाग पडले.

त्यानंतर आली आगगाडी. भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा मार्ग काढीत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कपाशीस सोन्याचे मोल आले होते. कपाशीच्या व्यापारात अमरावतीचे नाव मोठे. तथापि मुख्य मार्ग त्या शहरास शिवला नाही. तो दहा किलोमीटरवरच्या बडनेऱ्यावरून गेला.

आता व्यापाऱ्यांनी काय करावे? शुद्ध हिशेबाने पाहिले तर पेढ्या, वखारी आणि घरे उचलून बडनेऱ्यास नेणे सोयीचे होते. तसे घडले नाही. परकोटाच्या आतील वाडे, अंबादेवीचे देऊळ, विहिरी, नातीगोती आणि उधारीवर विश्वास ठेवणारा शेजार हे सारे अमरावतीस होते. शहर स्थानकाकडे गेले नाही; शेवटी रेल्वेलाच बडनेऱ्यापासून शाखा काढून शहराकडे यावे लागले.

याच्या उलट उदाहरण बाळापूरचे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर मजबूत किल्ला असलेले हे ठाणे मोगलाईत मोठे मानाचे होते. रेल्वे त्याच्या उत्तरेस पारसवरून गेली आणि बाळापूरला शाखा मिळाली नाही. कचेरी आणि गाडी ही दोन्ही अकोल्यास मिळाल्याने अकोला वाढत गेला आणि बाळापूर तालुक्याचे गाव होऊन राहिले. म्हणजे केवळ जुनेपणा वस्तीला तारत नाही आणि केवळ स्थानक ती उभी करत नाही. दिवसभराचे आयुष्य जेथे आहे, तेथे वस्ती टिकते.

सरहद्द सरकते, बिऱ्हाड हलते

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आला. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत आणि वाशीमचा बराच भाग अकोल्यात विलीन झाला. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. दरम्यान १९६९ मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ आले, १९८१ मध्ये अमरावतीस महसूल विभागाचे ठाणे झाले आणि १९८३ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापन झाले. यांतील प्रत्येक निर्णय कागदावर झाला. त्याच्या पाठोपाठ शेकडो घरांत एकच बोलणे झाले असेल: बिऱ्हाड हलवायचे की जा-ये करायची?

त्यातच आणखी एक मोठा बदल घडला. पूर्वी बदली एकट्या पुरुषाची होत असे आणि घर त्याच्यामागे जात असे. मुली शिकल्या, शिक्षिका आणि परिचारिका झाल्या, कचेऱ्यांत रुजू झाल्या. एका चुलीला दोन मुख्यालये आली. हा बदल आम्ही चांगलाच मानतो. पण त्यामुळे 'बायकोने नवऱ्याच्या गावी यावे' हे जुने उत्तर लंगडे पडले आणि नवे उत्तर अजून नीट बसलेले नाही.

पुष्कळांना मूर्तिजापूर हे न्याय्य उत्तर वाटते. अकोला ते बडनेरा हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर असून मूर्तिजापूर जवळजवळ मध्यावर आहे. दोघांना सारखाच प्रवास, म्हणजे कोणावर अन्याय नाही! परंतु या वाटणीत फक्त जाणाऱ्यांचा विचार झाला. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या आईचा दवाखाना कोठे? मुलांची शाळा कोणती? आणि पाणी कसे आहे? पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे आणि मूर्तिजापूर तालुक्यातील बरीच गावे त्यात येतात. या भागात मुलगी देताना वडीलधारी माणसे जमिनीइतकीच पाण्याची चौकशी करीत, ती उगीच नव्हे. अकोला शहर आज जे पाणी पिते, ते बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथील काटेपूर्णा धरणाचे आहे, आणि अमरावती पिते ते मोर्शीकडील ऊर्ध्व वर्धा धरणाचे. घर शोधणाऱ्याने गाडीचे वेळापत्रक पाहण्याआधी नळाचे पाहावे.

ख्रिस्तसभेने काय केले?

हाच प्रश्न ख्रिस्तसभेपुढेही आला. ८ मे १९५५ रोजी नागपूर महाधर्मप्रांतातून अमरावतीचा नवा धर्मप्रांत निर्माण झाला आणि बिशप जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले महागुरू झाले. पीठासाठी निवड अमरावतीची झाली. तेव्हापासून अकोल्याच्या भाविकांना धर्मप्रांताच्या मोठ्या कार्यासाठी प्रवास करावा लागतो.

आपल्या मेंढपाळांच्या बाबतीत मात्र ख्रिस्तसभेने अपडाऊनला फार पूर्वीच मनाई केली. उत्पन्न एका ठिकाणचे घ्यावे आणि राहावे भलतीकडेच, अशी वाईट चाल युरोपात बोकाळली होती. सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बिशपांना आणि धर्मग्रामाच्या गुरूंना आपल्या कळपातच राहण्याची सक्त आज्ञा केली. १९८३ च्या धर्मसंहितेतही प्रमुख धर्मगुरूने चर्चजवळच्या धर्मगृहात राहावे, असा नियम आहे. आपल्या शासनानेही ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक यांनी मुख्यालयी राहावे असा आग्रह वेळोवेळी धरला. त्यामागचा हेतू वेगळा नाही. रात्री गावात कोणी आजारी पडले, तर हाकेला ओ देणारा माणूस गावात असावा.

सामान्य भाविकांविषयी ही संहिता अधिक उदार आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. एखाद्या धर्मग्रामात कायम राहण्याच्या हेतूने कोणी आला, किंवा पूर्ण पाच वर्षे तेथे राहिला, की तो तेथला रहिवासी ठरतो. तीन महिने राहण्याच्या हेतूने आला, किंवा तेवढे दिवस राहिला, तर तात्पुरता रहिवासी होतो. पतिपत्नींचे घर एकच असावे ही अपेक्षा आहे; पण न्याय्य कारण असेल, तर दोघांना वेगवेगळे निवासस्थान ठेवता येते. कायम आणि तात्पुरत्या अशा दोन्ही निवासांमुळे माणसाला आपला धर्मगुरू लाभतो. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस अमरावतीस खोली करून राहणाऱ्या आणि शनिवारी अकोल्यास घरी परतणाऱ्या भगिनीला दोन धर्मग्रामांवर हक्क सांगता येतो. तिला कोणी उपरी म्हणू शकत नाही.

येथेच खरी मेख आहे. दोन ठिकाणी हक्क असलेला माणूस पुष्कळदा एकाही ठिकाणी दिसत नाही. अकोल्याचे लोक म्हणतात, ती अमरावतीस असते. अमरावतीचे म्हणतात, ती अकोल्याची आहे. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याची जी गत, तीच येथे होते. मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचे नाव कोठे नोंदवायचे, हे ठरवताना वर्ष निघून जाते. घरात मृत्यू झाला, तर खांदा द्यायला कोणत्या गल्लीतील माणसे येतील, हे कोणालाच सांगता येत नाही. वऱ्हाडात आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. एक घर असे अधांतरी राहिले, तरी लहान धर्मग्रामाला ती उणीव जाणवते.

बार्शीटाकळीची सकाळ

बार्शीटाकळीत हे दृश्य उलटसुलट दिसते. गाव अकोला-वाशीम लोहमार्गावर आहे. पूर्वी येथून मीटरगेजची गाडी जाई. २००८ मध्ये मार्ग रुंद झाला. सकाळी गावातले विद्यार्थी आणि नोकरदार अकोल्याकडे निघतात, तर अकोल्यात राहणारे शिक्षक आणि कर्मचारी त्याच सुमारास गावात येतात. वाटेत दोन्ही प्रवाह एकमेकांना ओलांडतात. आठशे वर्षांहून अधिक काळ नांदलेल्या गावात दिवसा एक माणसे असतात आणि रात्री दुसरी. दोघांनाही गावाच्या रस्त्याची, शाळेची, पाण्याची पुरती काळजी वाहण्यास सवड नसते.

रस्ता सुधारला की प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ही अभिमानाची गोष्ट होय. पण वाट सोपी झाली की माणूस घराजवळ काम शोधत नाही. तो अधिक दूरचे काम पत्करतो. रस्ता प्रवासाचा वेळ वाचवतो. वाचलेला वेळ घरी द्यायचा की आणखी दूर जाण्यात घालवायचा, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

या इतिहासातून आम्हांस एक साधी कसोटी सापडते. घराची जागा प्रवास करणाऱ्याच्या सोयीने ठरवू नये. दिवसभर तेथे राहणाऱ्याच्या सोयीने ठरवावी. अपडाऊन करणाऱ्याला ते घर बहुधा रात्रीपुरते असते. म्हाताऱ्यांना आणि मुलांना ते चोवीस तास असते. अमरावतीच्या व्यापाऱ्यांनी गाडीपेक्षा आपली विहीर आणि आपला शेजार यांना अधिक मोल दिले, आणि गाडी त्यांच्याकडे आली. आई अकोल्याच्या डॉक्टरांना सरावलेली असेल, तर अकोल्यास राहावे. मुले अमरावतीच्या शाळेत रुळली असतील, तर अमरावतीस. बार्शीटाकळीत वडिलांचे घर आणि अंगण असेल, तर ते केवळ 'गाव' म्हणून सोडू नये. अकोला तेथून दूर नाही. प्रवासाचा अधिक भार ज्याच्या वाट्यास येईल, त्याच्या वाट्याचे घरकाम इतरांनी उचलावे. नवऱ्याने पोळ्या लाटल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आणि एकदा ठिकाण ठरले, की तेथले व्हावे. मतदार यादीत नाव तेथे, धर्मग्रामाच्या वहीत नाव तेथे, शेजाऱ्याच्या सुखदुःखात हजेरी तेथे. 'पॅरिश' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी 'पारोइकिया' हा ग्रीक शब्द आहे. परक्या मुलुखात शेजारी होऊन राहणे, असा त्याचा अर्थ. पहिले ख्रिस्ती लोक स्वतःला या जगातील वाटसरू समजत. पण ज्या नगरात ते उतरत, तेथील आजाऱ्यांची सेवा आणि मृतांचे दफन तेच करीत. वाटसरूलाही शेजारधर्म चुकत नाही. अकोल्याची गाडी पकडणाऱ्याने आणि अमरावतीच्या बसला हात दाखवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तर तो कोठेही राहो, ते गाव त्याला आपला म्हणेल.