सुताराचे बाक: जाड फळीकडून पातळ फळीकडे

सुतारकाम नव्याने शिकू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हत्यारांचा नसतो, लाकूड स्थिर धरावयाचे कशावर, हा असतो. आपल्याकडील सुताराने तो फार पूर्वी सोडविला. तो जमिनीवर बसतो, फळी पायाने दाबून धरतो आणि रंधा मारतो. युरोपात याच गरजेतून बाक निर्माण झाले. जर्मनीत सालबुर्ग येथे रोमन ठाण्याच्या विहिरीत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील असे बाक मिळाले आहे. एक ओबडधोबड जाड फळी, तिला भोके पाडून त्यांत ठोकलेले पाय, एवढाच तो प्रकार.

पुढे बाक उंच झाले आणि भारीही झाले. पॅरिसचा आंद्रे जाकोब रूबो (१७३९–१७९१) हा सुताराचाच मुलगा व स्वतः सुतार. १७६९पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या विस्तृत ग्रंथात त्याने बाकाचे मोजमाप दिले आहे. वरची फळी एल्म किंवा बीच लाकडाची, पाच ते सहा फ्रेंच इंच म्हणजे तेरा ते सोळा सेंटिमीटर जाड. लांबी सामान्यतः नऊ फ्रेंच फूट, म्हणजे आपले साडेनऊ फूट. उंचीचे माप मात्र त्याने कारागिराच्या शरीरावरून घेतले: बाक त्याच्या मांडीच्या वरच्या टोकाशी यावे. हातात रंधा धरणाऱ्याने लेखणीही धरली, म्हणून ही माहिती आपल्यापर्यंत आली. आमच्या मते ग्रंथाचे खरे मोल येथेच आहे.

परंतु अशी अखंड जाड फळी नवशिक्याने आणावी कोठून? याचे उत्तर इंग्लंडकडून मिळते. पीटर निकल्सन हा स्कॉटलंडमधील पाथरवटाचा मुलगा, सुतारकामात उमेदवारी केलेला. १८१२च्या त्याच्या पुस्तकातील बाकाची वरची बाजू पातळ फळ्यांची आहे. बळकटी येते ती दोन्ही बाजूंना उभ्या बसविलेल्या रुंद फळ्यांमुळे. आडवी फळी वाकते, तीच कडेवर उभी केली की वाकत नाही. घराच्या तुळईचेही तत्त्व हेच.

आपली बरीचशी घराणी लेखणीवर जगली. रंध्याला हात लावणे त्यांना कमीपणाचे वाटे. १८९०मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात कलाभवन स्थापिले आणि तेथे त्रिभुवनदास गज्जर यांना आणले. गज्जर रसायनशास्त्राचे अभ्यासक खरे, पण जन्म सुरतेच्या सुतार कुळातला. हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

निकल्सनच्या धर्तीचे बाक आजही स्वस्तात होते. चार पाय, त्यांना बाहेरून जोडलेल्या दोन रुंद फळ्या, आत तीन-चार आडव्या पट्ट्या आणि वर सपाट फळ्या. लाकूड वाळलेले असावे, जुन्या पेट्यांचेही चालेल. पुढच्या उभ्या फळीला ओळीने भोके पाडून त्यांत लाकडी खुंट्या घालाव्या, म्हणजे लांब फळी कडेवर उभी टेकविता येते. वर डावीकडे एक ठोकळा बसवावा. रंधा मारताना लाकूड त्याला अडते. महागडा शिकंजा नसला तरी प्रारंभी अडत नाही. बाक हलके वाटल्यास खालच्या फळीवर दोन-चार विटा ठेवाव्या किंवा ते भिंतीला टेकवावे.