ओरखडा स्वतःच बुजवणारा लेप

पोलादाला गंज चढण्यासाठी रंगाचा संपूर्ण थर निघून जावा लागत नाही. एक बारीक ओरखडाही त्यास पुरेसा असतो. त्यातून पाणी आणि प्राणवायू धातूपर्यंत पोहोचतात आणि गंज रंगाखालून पसरू लागतो. वरून थर शाबूत दिसतो, आत मात्र पोलाद झिजत असते. पूल, जहाजे, तेलवाहिन्या यांवरील असा प्रत्येक ओरखडा वेळीच शोधणे जवळपास अशक्यच. गंजामुळे जगाचे वर्षाला सुमारे २.५ लाख कोटी डॉलरचे नुकसान होते, असा अंदाज ‘नेस इंटरनॅशनल’ या संस्थेने २०१६ मध्ये मांडला होता.

क्रोमेटयुक्त लेपांमध्ये ओरखड्याच्या जागी झिरपून धातूचे रक्षण करण्याचा गुण पूर्वीपासून ज्ञात आहे. मात्र त्यांतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने पर्यायांचा शोध सुरू झाला. स्वयंदुरुस्त होणारे लेप हा त्यांपैकीच एक.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये स्वतःची भेग सांधणारे पॉलिमर विकसित केले. पुढे व्हाइट व पॉल ब्रॉन यांच्या गटाने हेच तत्त्व पोलादावरील लेपासाठी वापरले. त्यांचे संशोधन २००९ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या लेपात असंख्य सूक्ष्म कुप्या विखुरलेल्या असतात. काहींमध्ये सिलिकॉनयुक्त द्रव असतो, तर काहींमध्ये तो घट्ट करणारा कथिलयुक्त उत्प्रेरक. ओरखडा पडताच दोन्ही प्रकारच्या कुप्या फुटतात, त्यांतील द्रव एकमेकांत मिसळून चरीत उतरतो आणि तेथेच घट्ट होतो. त्यासाठी माणसाला काहीही करावे लागत नाही.

चाचणीत दोन प्रकारच्या पोलादी पट्ट्यांवर ओरखडे काढून त्या ५ टक्के मिठाच्या पाण्यात बुडविण्यात आल्या. साध्या लेपाच्या पट्ट्या २४ तासांतच गंजल्या. स्वयंदुरुस्त लेपाच्या पट्ट्यांवर १२० तासांनंतरही गंज दिसला नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही. त्यामुळे त्याच जागी दुसऱ्यांदा ओरखडा पडल्यास दुरुस्ती होत नाही. रुंद चर बुजविण्यास द्रव अपुरा पडतो. त्यामुळे असा लेप दिला तरी नियमित तपासणी टळत नाही. मात्र नजरेतून सुटलेल्या पहिल्या ओरखड्यापासून तो पोलादाला वाचवू शकतो, आणि गंजाची सुरुवात बहुधा तेथूनच होते.