काळी जमीन आणि निळें फळ

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीची कीर्ति कापसानें दूरवर नेली. अमरावतीहून नागपूरकडे जातांना लागणाऱ्या नांदगाव पेठेचें शिवारहि याच मातीचें. कापसाची जी आई, तीच ब्ल्यूबेरी नांवाच्या विदेशी झुडपाची सावत्र आई कां ठरावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल; पण त्याच्या उत्तरांत शेतीच्या इतिहासाचीं दोन प्रकरणें एकत्र आलीं आहेत.

पहिलें प्रकरण अमेरिकेंतील. ब्ल्यूबेरी म्हणजे करवंदासारखें, निळसर, आंबटगोड फळ. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लोक तें रानांतूनच वेंचून आणीत. बागेंत झुडूप आणून लावलें कीं तें खुरटे. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०६ मध्यें प्रयोग आरंभिले व १९१० मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. खत आणि चुना घालून सुपीक केलेली जमीनच या झुडपाचा घात करते. त्याला आम्ल माती हवी! तें वाचून न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट या बाईंनीं आपली जमीन प्रयोगासाठीं देऊं केली. बाई मोठ्या व्यवहारचतुर. रानांत हिंडणाऱ्यांच्या हातीं त्यांनीं भोंक पाडलेली धातूची पट्टी दिली; पांच अष्टमांश इंचाच्या त्या भोकांतून जें फळ पार होणार नाहीं, त्याच्या झुडपाला रोख पैसे. अशा निवडलेल्या झुडपांच्या आधारें १९१६ मध्यें लागवडीचें पहिलें पीक बाजारांत गेलें.

दुसरें प्रकरण मातीवांचून शेतीचें. जर्मनीत सॅक्स यांनीं १८६० मध्यें क्षार विरघळलेल्या पाण्यांत रोपें वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. पण पुढें बराच काळ ती प्रयोगशाळेपुरतीच राहिली. कॅलिफोर्नियाच्या गेरिक यांनीं १९२९ च्या सुमारास ती व्यवहारांत आणण्याचा ध्यास घेतला, आणि १९३७ मध्यें 'हायड्रोपोनिक्स' हें नांव रूढ केलें. भारतांत शोल्टो डग्लस यांनीं १९४६ मध्यें कालिंपाँग येथें खडी व दगडाची भुकटी यांच्या वाफ्यांवर साध्या गृहस्थालाहि झेपेल अशी 'बंगाल पद्धति' बसविली.

आतां वऱ्हाड. ब्ल्यूबेरीला मातीचा सामू साडेचार ते साडेपांच लागतो. चुनखडीयुक्त काळ्या मातीचा तो बहुधा साडेसातांच्या वर असतो. लोह मातींत असूनहि चुन्यामुळें मुळांना मिळत नाहीं. हिरव्या शिरा राखून पिवळें पडणारें पान संत्र्याच्या बागाइतदारांना चांगलें परिचयाचें आहे. तेव्हां नांदगाव पेठेंतील कोणी हें झुडूप घरांत, नारळाच्या भुशानें भरलेल्या बादलींत, आम्ल द्रावणावर वाढवूं म्हटलें, तर मातीचा अडथळा दूर होतो खरा. मात्र चुना विहिरीच्या पाण्यांतूनहि येतो! माती सोडली तरी गांवचें पाणी सुटत नाहीं. म्हणून एक तर पाण्यांत मोजून आम्ल घालावें लागतें, नाहीं तर पावसाळ्यांत पागोळ्यांचें पाणी सांठवावें लागतें. नत्रहि नायट्रेटपेक्षां अमोनियमच्या रूपानें दिलेलें या झुडपाला अधिक मानवतें.

उत्तरेकडील जातींना हिवाळ्यांत शेंकडों तास कडक थंडी लागते, ती वऱ्हाडांत कोठून मिळणार? त्यासाठीं फ्लोरिडांत तयार झालेल्या, अल्प थंडीवर फळणाऱ्या जातीच निवडाव्या लागतात. वैशाखांत खोलीहि थंड ठेवावी लागते, आणि घरांत मधमाशी फिरकत नसल्यानें फुलांवरून कुंचला फिरविण्याचें काम घरच्या माणसांकडेच येतें.