पत्रचर्चेचे राखणदार

गावच्या सीमेवरील राखणदार आम्हां नार्वेकरांस, किंबहुना कोणत्याही गोमंतकीयास, अपरिचित नाही. परंतु जिला सीमा नाही आणि मांडही नाही, अशा सभेची राखण कशी करावी? ई-मेलद्वारा चालणाऱ्या चर्चामंडळांनी हा प्रश्न नव्याने उभा केला.

१९९४ साली हर्मन कार्नेरो या तरुणाने अमेरिकेतून 'गोवानेट' हे मंडळ सुरू केले. भारतात सर्वसामान्यांस इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा या मंडळाने आरंभी देशोदेशी पांगलेल्या गोमंतकीयांनाच जवळ आणले, हे स्वाभाविक होय. एका पत्त्यावर धाडलेले पत्र सर्व सभासदांस पोहोचावे, ही अशा मंडळांची रीत. त्यांचे बळ तेच, आणि त्यांचे मर्मस्थानही तेच. जाहिरातदारास एका पत्राचा खर्च जवळजवळ शून्य. वाचणाऱ्या हजारोंचा वेळ मात्र खर्ची पडतो.

हा उपद्रव गोवानेटहून जुना आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क यांनी संगणकाची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांस पाठविली. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील दोन वकिलांनी यूजनेटच्या हजारो चर्चागटांत आपली जाहिरात ओतली. 'स्पॅम' हे मूळचे एका डबाबंद मांसाचे नाव. १९७० च्या एका ब्रिटिश विनोदी नाट्यप्रवेशात त्या एकाच शब्दाच्या घोषाने सारे संभाषण बुडते. त्यावरून तो शब्द रूढ झाला.

यावर मुख्यत्वे तीन उपाय योजले गेले. सभासदासच लिहू देणे, हा पहिला. परंतु प्रेषकाचा पत्ता खोटा घालता येतो. संपादकाने पत्र पाहून मगच पुढे धाडणे, हा दुसरा. त्यास कोणाचे तरी विनावेतन श्रम लागतात. तिसरा उपाय गणिताचा. थॉमस बेझ यांच्या १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या सिद्धान्ताच्या आधारे, पत्रातील शब्दांवरून ते स्पॅम असण्याची शक्यता काढावयाची; पॉल ग्रॅहॅम यांच्या २००२ मधील लेखाने ही पद्धत लोकप्रिय केली. मात्र या चाळणीत कर्जाविषयी प्रामाणिकपणे विचारणारा सभासदही अडकू शकतो. उलटपक्षी, राखणच नसेल तर काय होते, हे यूजनेटने दाखविले. तेथील स्पॅमचे कारण देऊन गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या सेवेतून यूजनेटवर नवे लेखन करण्याची सोय बंद केली.

तथापि येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. छापण्यापूर्वी मजकूर तपासणारा पोर्तुगीज अंमलातील सेन्सॉर गोव्याने १९६१ पर्यंत अनुभवला आहे. पत्र अडवून वाचणारा संपादक आणि तो सेन्सॉर यांच्या हातांतील हत्यार एकच. मग भेद कोठे? आमच्या मते तो निकषात आहे. पत्र न मागता, घाऊक प्रमाणात, चर्चेशी संबंध नसता आले काय, एवढेच राखणदाराने पाहावे. त्यातील मत रुचते की नाही, हे पाहू नये. नियम लिखित असावेत, पत्र अडविल्याचे कारण लेखकास कळवावे आणि हे काम आळीपाळीने व्हावे. जुन्या गावकरीत प्रवेश जन्माने मिळे. या नव्या सभेत तो सौजन्याने मिळावा. राखणदार सीमेवर शोभतो. तो सभापतीच्या आसनावर बसला, की सभा मुकी होते.