उपवासकाळ, पापलेट आणि झुरिकची सॉसेजेस

उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्या वसईत मटण वर्ज्य, पण ताटात पापलेट चालतं. त्यात नियमभंग नाही. कॅथलिक शिस्तीत बंदी मांसाला आहे, मासळीला नाही. पण जिथे रोजचं कालवण मासळीचंच, तिथे हा उपास म्हणायचा की चैन?

नियम घडला तो युरोपात. तिथे मध्ययुगात ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस मांसच काय, अंडी, दूध, लोणीही बंद असे. दक्षिणेकडच्यांचं ऑलिव्हच्या तेलावर भागे, उत्तरेत लोण्यावाचून चूल अडे. मग सवलती निघाल्या आणि सवलतींमागून पैसा आला. फ्रान्समधल्या रुआं कॅथेड्रलच्या एका मनोऱ्याला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. उपवासकाळात लोणी खाण्याची मुभा घेणाऱ्यांच्या दानातून तो उभा राहिला, असं सांगतात. पोर्तुगिजांच्या मुलखात ‘बुला’ मिळे: ठरलेलं दान द्या, सवलतपत्र घ्या, खुशाल जेवा. गरिबाने मात्र मन मारावं. मला यात संयम कुठे दिसत नाही, हिशेब दिसतो.

1522 साली झुरिकमध्ये हे फुटलं. ख्रिस्तोफ फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी, ऐन उपवासकाळात, धुरावलेली दोन सॉसेजेस कापून जमलेल्यांत वाटली गेली. तुकडे एवढेसे, पण नगरसभेने चौकशी लावली. फ्रोशाउअरचा जबाब मला फार आवडतो, कारण त्यात धर्मशास्त्रापेक्षा छापखाना जास्त आहे. फ्रँकफुर्टच्या जत्रेआधी पौलाच्या पत्रांचं पुस्तक पुरं करायचंय, कामगार रात्रंदिवस राबतायत, नुसत्या लापशीवर ते टिकत नाहीत आणि मासळी काही रोज परवडत नाही! आमच्या कोळीवाड्यात हा जबाब कुणाला पटला नसता. धर्मगुरू झ्विंग्ली त्या घरी हजर होता. त्याने स्वतः तुकडा तोंडात घातला नाही, पण थोड्याच दिवसांत प्रवचनपीठावरून सांगितलं की उपास करायचा त्याने करावा, दुसऱ्यावर लादू नये. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची सुरुवात या सॉसेजेसपासून मोजतात.

रोमने आपली शिस्त सोडली नाही. 1917 च्या धर्मसंहितेतही रविवार वगळता सगळा उपवासकाळ उपासाचा होता: दिवसात एकच पोटभर जेवण. अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांना त्यातून सूट असे. पुढे फेब्रुवारी 1966 मध्ये पोप सहावे पॉल यांनी सक्तीचे उपास दोनच ठेवले, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. बाकी प्रायश्चित्त कसं करायचं, हे बरंचसं स्थानिक बिशपांवर आणि ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोपवलं. झ्विंग्लीला हे वाचून हसू आलं असतं, असं मी एकदा आमच्या फादरांना म्हणालो. त्यांनी विषय बदलला.

आजीचं रोमच्या सवलतींवाचून काही अडलं नव्हतं. मटण आमच्याकडे सणालाच शिजायचं, तेव्हा ते सोडण्यात तिला पुण्य वाटेना. ती मिशेरी सोडायची. राखेच्या बुधवारी डबी फळीवर जाई ती ईस्टरलाच खाली उतरे, आणि तोवर सुनांनी सकाळच्या वेळी तिच्या वाटेला जायचं नाही, हा घरचा नियम मात्र कुणालाही सवलत न देता पाळला जाई.