पाएल्या

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्शिया प्रदेशात उघड्या विस्तवावर रांधला जाणारा पारंपरिक भात. हे नाव मुळात भांड्याचे असून ते लॅटिन ‘पातेल्ला’ (पसरट ताटली) या शब्दावरून आले. पदार्थासाठी ते एकोणिसाव्या शतकात रूढ झाले.

या भागात भातशेती रुजली ती अरब अंमलात. स्पॅनिशमधील ‘आर्रोस’ (तांदूळ) व ‘आसाफ्रान’ (केशर) हे शब्द अरबीतूनच आलेले आहेत. आरागॉनचा राजा पहिला जेम्स याने १२३८ मध्ये व्हॅलेन्शिया जिंकल्यावरही अरबांचे कालवे चालू राहिले. मात्र साचलेल्या पाण्यामुळे ताप पसरतात म्हणून पुढील राजांनी भातशेतीवर वेळोवेळी निर्बंध घातले. अल्बुफेरा सरोवराभोवतालची पाणथळ जमीन हे तिचे मुख्य क्षेत्र राहिले. तेथील शेतकरी व मजूर दुपारच्या जेवणाला हाती येईल ते भातात घालीत : कोंबडी, ससा, गोगलगायी, क्वचित पाणउंदीरही. आज आवश्यक मानले जाणारे टोमॅटो आणि डबल बी हे दोन्ही अमेरिकेतून आलेले आहेत. तेव्हा आजची पाएल्या अरबकालीन आहे, हे लोकप्रिय विधान स्वीकारता येत नाही.

या पदार्थाचे खरे वैशिष्ट्य सामग्रीपेक्षा विस्तवात आहे. संत्र्याच्या बागांतील छाटणीच्या काटक्यांचा जाळ झपाट्याने भडकतो व तसाच ओसरतो. तेलात मांस खरपूस परतून, भाज्या व पाणी घालून रस्सा उकळावयाचा; तांदूळ पसरल्यावर सु. १० मिनिटे मोठी आच व नंतर सु. ८ मिनिटे मंद आच द्यावयाची, असा क्रम असतो. काटक्यांच्या जाळाशी तो आपोआप जुळतो. भांडे रुंद व उथळ असल्याने भाताचा थर पातळ राहतो, पाणी लवकर आटते. तांदूळ पसरल्यानंतर तो ढवळीत नाहीत. तळाशी ‘सोकार्रात’ नावाची खमंग खरवड धरते व तिच्यासाठी जेवणाऱ्यांत चढाओढ लागते.

कोळशाच्या शेगडीवर हा क्रम साधणे कठीण जाते. निखाऱ्यांची आच मनाप्रमाणे उतरविता येत नाही, म्हणून ते वेळीच बाजूला ओढावे लागतात. भांडे शेगडीपेक्षा मोठे असल्यास कडेचा तांदूळ कच्चा राहतो. शहरांत वर्तुळाकार गॅस-शेगडीने ही अडचण दूर केली, परंतु धुराचा वास गेला.

१९६० नंतरच्या पर्यटनाच्या लाटेत मांस व सागरी जीव एकत्र घातलेली ‘मिश्र’ पाएल्या जगभर पसरली. व्हॅलेन्शियातील जाणकार तिला पाएल्या म्हणावयास तयार नसतात, आणि इतिहासदृष्ट्या त्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. मात्र किनाऱ्यावरील मासळीचा भात हाही तेथला जुनाच प्रकार आहे. व्हॅलेन्शियाच्या प्रादेशिक शासनाने २०२१ मध्ये पाएल्येला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.