संचालक मंडळात कोण बसते? : प्रस्तावना

रोह्याचे चिंतामणराव देशमुख 1952 साली तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. 1956 चा कंपनी कायदा ते अर्थमंत्री असतानाच संमत झाला. संचालकांची कर्तव्ये, त्यांचे हितसंबंध, भागधारकांचे हक्क यांवर त्यात कलमांमागून कलमे होती. संचालक मंडळात एकाच साच्याची माणसे असू नयेत, असे मात्र तो कुठे सांगत नव्हता. 2013 च्या कायद्यातील कलम 149 मुळे शेअर बाजारात नोंदलेल्या आणि इतर मोठ्या सार्वजनिक कंपन्यांवर निदान एका महिला संचालकाचे बंधन आले. अनेक प्रवर्तकांनी घरातल्याच स्त्रीला त्या खुर्चीवर बसवले. म्हणून सेबीने आघाडीच्या 500 कंपन्यांना 1 एप्रिल 2019 पासून, आणि वर्षभराने पहिल्या हजारांना, ही संचालक स्वतंत्रही असली पाहिजे अशी अट घातली.

मंडळातल्या अशा विविधतेने नफा वाढतो का? या अभ्यासशाखेत पाऊल टाकणारा प्रत्येकजण हेच विचारतो, आणि विचारावेच. उत्तर मात्र सरळ नाही. 2015 मध्ये पोस्ट आणि बायरन या संशोधकांनी 140 अभ्यास एकत्र तपासले. महिला संचालक आणि हिशेबी नफा यांचा संबंध अनुकूल निघाला, पण क्षीण. बाजारातल्या कामगिरीशी तो जवळजवळ शून्य होता. नॉर्वेने मंडळात 40 टक्के स्त्रियांची सक्ती केल्यावर कंपन्यांचे मूल्य घसरले, असे आहर्न आणि डिटमार यांनी 2012 मध्ये मांडले. पुढच्या संशोधकांनी त्या निष्कर्षालाच आव्हान दिले. शिवाय कार्यकारण उलटेही असू शकते. भरभराटीतल्या कंपन्याच अशा नेमणुका सहज करत असतील, तर नफा आधीचा आणि विविधता नंतरची ठरते.

माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा शोधनिबंध अ‍ॅडम्स आणि फरेरा यांचा, 2009 सालचा. अमेरिकी कंपन्यांत स्त्रिया सभांना अधिक नियमित येतात, त्या आल्या की पुरुषांचीही हजेरी सुधारते, आणि देखरेखीच्या समित्यांवर त्या जास्त असतात, असे त्यांना दिसले. तरीही सरासरी आर्थिक परिणाम उणे निघाला. जिथे भागधारकांचे हक्क दुबळे, तिथे मात्र तो फायद्याचा होता. म्हणजे जिथे पहारा आधीच कडक आहे तिथे आणखी पहारेकरी ओझे होतात, आणि जिथे तो ढिला आहे तिथे तेच उपयोगी पडतात. सरासरीचा आकडा हा फरक पुसून टाकतो.

ढिला पहारा म्हणजे काय, हे पेणच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले, बनावट कर्जखात्यांचे प्रकरण बाहेर आले आणि सामान्य ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. एखादी स्त्री संचालक असती तर हे टळले असते, असा दावा मी करणार नाही. तो या शास्त्राचा अपमान होईल. पण त्या ठेवीदारांचे दुःख एक प्रश्न मागे ठेवून गेले आहे. सहकारी बँकेत मत सभासदाचे असते, आणि प्रत्येक ठेवीदार सभासद नसतो. मग ज्याचा पैसा आहे त्याच्या वतीने सभेत शंका काढणारा कोण? महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात समितीवर स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी एक. राखीव जागेवरून आलेल्या संचालकाला कर्जाची फाईल सभेआधी हाती पडते की सभेतच सहीसाठी पुढे येते, यावर त्या जागेचे मोल ठरते. विविधतेचा निर्देशांक डोकी मोजतो. फाईल कोणी वाचली, हे तो सांगत नाही.

म्हणून नव्या अभ्यासकाला मी समीकरणांआधी वार्षिक अहवाल हाती घ्यायला सांगेन. रोह्यात कारखाना असलेल्या सुदर्शन केमिकलसारख्या नोंदणीकृत कंपनीचा अहवाल कुणालाही मिळतो. त्यात प्रत्येक संचालकाची सभांची हजेरी असते, समित्या असतात, कोणाकडे कोणते कौशल्य आहे याचा तक्ताही असतो. लेखापरीक्षण समितीवर कोण आहे ते पाहा, तो संचालक किती वर्षे तिथे आहे ते मोजा, आणि पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचा. पुढच्या प्रकरणांतली संख्याशास्त्राची साधने त्यानंतर हाती घ्यावीत.